उघडं झाकण

लॅपटॉपच्या चौकटीवरचं मुगाच्या दाण्याएवढं ते काळं रबरी बूच नखाने निघेना, म्हणून छोटीने सुई घेतली. टोक कडेत खुपसून उचकटलं, तसं ते टुणकन उडालं, घरंगळत टेबलाच्या काठाशी थांबलं, आणि खाली स्क्रू दिसला, इतकी वर्षं दडून बसलेला. सापडलास लेका, ती म्हणाली. पन्नाशी उलटलेल्या बाईला घरात अजून छोटीच म्हणतात. म्हणणारं माणूस आता एकच उरलंय, ताई, पण एकटी ताई दहाजणांच्या वाटची हाक मारते. जन्मभर मुख्याध्यापिका होती. निवृत्त झाली ती फक्त शाळेपुरती.

बॅटरी आधीच काढून ठेवली होती, निघालेले स्क्रू अंड्यांच्या पुठ्ठ्यात, एकेक एकेका खळग्यात. आता स्क्रीनभोवतीची चौकट. पातळ आणि कडक काहीतरी घ्या, असं व्हिडिओतल्या दुरुस्तीवाल्याने सांगितलं होतं, आणि तिने मुद्दाम — हो, अगदी मुद्दाम — ताईचं शाळेतलं जुनं ओळखपत्र कपाटातून हुडकून काढलं होतं. प्लॅस्टिकमधली ताई: ताठ मान, आवळलेले ओठ. तिला डोक्याकडून फटीत सारलं. कट्... कट्... चौकट सुटत गेली. ‘प्लॅस्टिकची कटकट, थांबून थांबून’, तिने मनातल्या मनात लिहूनही टाकलं. तेच तिचं काम. ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्यासाठी चित्रपटाच्या तळाशी आवाज शब्दांत लिहायचे: दूरवर कुत्रा भुंकतो, दार करकरतं, कुणीतरी हुंदका गिळतं. घरी बसून, मिळेल तेवढं, वर्षानुवर्षं. आणि आता त्याच कंपनीने तिला दुसऱ्या शहरात बोलावलं होतं, कायमचं, राहायला खोलीसकट. आज चार वाजता मुलाखत. ते स्क्रीनवर एक दृश्य दाखवणार आणि तिने त्यातले आवाज तिथल्या तिथे लिहायचे. स्क्रीन नाही, तर खोली नाही, शहर नाही, काही नाही.

ही बातमी तिने ताईला सांगितली ती ताईच्या डोळ्याच्या ऑपरेशनच्या आदल्या दिवशी. चुकलं का? असेल. पण आनंद काय वेळ बघून होतो? ताईने दारातून ऐकलं, दोन पावलांत टेबलाशी आली आणि तळहाताने झाकण थाडकन मिटलं. “या वयात? तिकडे तुला कोण बघणार गं?” मला कोण बघणार, असं नाही म्हणाली, तसं ती कशाला म्हणेल! झाकण उघडलं तर स्क्रीन काळी ठिक्कर. छोटीच्या अंगाचा तिळपापड झाला, आणि दुसऱ्या दिवशी ताईची पिशवी उचलून ती मुकाट्याने दवाखान्यात गेली.

पण तेव्हापासून आत काहीतरी मंद आचेवर शिजत होतं, आणि त्याची चव — खरं सांगायचं तर — फार छान होती. दुकानातला म्हणाला, मावशी, हा भंगारात द्या. देते हं. नवी स्क्रीन मागवली, व्हिडिओ पाठ होईपर्यंत पाहिला. मुलाखतीला चारची वेळ तिनेच सांगितली, कारण चार ही ताईच्या डोळ्यात थेंब घालायची वेळ. बसू दे मान वर करून, वाट बघत. इकडे दार सताड उघडं टाकून छोटी खड्या आवाजात बोलत असेल — हो, येते. हो, लगेच येते. नाही, इथे अडकण्यासारखं माझं काही नाही — आणि भिंतीपलीकडे एकेक शब्द पोचेल. नाकावर टिच्चून जायचं. मग कळेल बाईसाहेबांना, या घरात कोण कुणाला बघत होतं.

नवी स्क्रीन बसली. बॅटरी लावली, बटण दाबलं, पंखा घरघरला... आणि स्क्रीन काळीच.

तिने जुनी स्क्रीन खिडकीशी नेऊन उजेडात धरली. तडा नाही, ओरखडा नाही, काही म्हणजे काहीच नाही. मार लागला की काच जाते, दुरुस्तीवाल्याने सांगितलं होतं... आणि पुढे काय म्हणाला होता तो? तिने फोनवर व्हिडिओ पुन्हा लावला. “काच धड असेल तर बिजागरीतली तार बघा. ती मारामुळे जात नाही. उघडमीट करकरून झिजते.” तिने बिजागरीवरचं टोपण काढलं. तारेवरची काळी पट्टी नेमकी वळणावर विरली होती, कोपरावर विरलेल्या स्वेटरसारखी, आणि आतल्या केसासारख्या तारा उघड्या पडल्या होत्या.

तरी ताईनेच केलं, ती म्हणाली. मग मोजू लागली. ताईने हे झाकण मिटलं किती वेळा? त्या दिवशी. आणि त्याआधी... त्याआधी? तिने खूप शोधलं, ताईवर काहीतरी लागू व्हावं म्हणून अगदी जीव तोडून शोधलं. एकदाही नाही. मग कोण मिटत होतं? ताईच्या चपला वाजल्या की झाकण मीट. काय करतेस, काही नाही. त्याच्याही आधी, लॅपटॉप नव्हता तेव्हा, भूगोलाच्या पुस्तकात लपवलेली गोष्ट, आणि पडवीत तेच पाऊल, आणि फट्कन मिटलेलं पान... काय वाचतेस गं? काही नाही, ताई. मीच. दिवसातून पंधरा-वीस वेळा, मीच मिटत आलेय. नुसत्या आवाजावर.

म्हणजे ताई सुटली? छे! अशी कशी सुटेल? हा हात असा कुणी केला? राग आला, अगदी पहिल्यासारखा आला, पण आल्यावर बसायचं कुठे हे त्याला कळेना.

नवी तार मागवायला वेळ नव्हता. तिने उघड्या तारांना चिकटपट्टी गुंडाळली, झाकण हळूहळू मागे नेलं, आणि एका ठिकाणी स्क्रीन चमकली, उजळली, थरथरत स्थिर झाली. तिथेच मागे इस्त्रीचा टेका दिला. आता हे मिटायचं नाही. एकदा मिटलं की पट्टी सरकणार, आणि मग पुन्हा उजेड पडेलच याची खात्री नाही. छोटी केस नीट करून समोर बसली. दार ठरवल्याप्रमाणे सताड उघडं.

चपला वाजल्या. ‘चपलांची फरफट, जवळ येते.’

“छोटी, थेंब राहिले गं. चार वाजले ना?”

स्क्रीन एकदम लवलवली. छोटीने पाहिलं तर तिचा उजवा हात झाकणावर होता. ती बसली होती तशीच होती, डोळे समोर, मनात ती वाक्यं तयार, आणि हाताने झाकण चार बोटं खाली आणलं होतं. तिने श्वास रोखून ते परत वर नेलं, इस्त्रीला टेकवलं. उजेड गेला... आला.

ताई दारात पोचली. एका डोळ्यावर पट्टी, दुसरा आधीच अधू, एक हात चौकटीवर चाचपडणारा. तिला इथलं काहीही दिसत नव्हतं. उघडं झाकण दिसत नव्हतं, मिटलेलं दिसलं नसतं. “आहेस का इथे?” तिने विचारलं. “बोलत का नाहीस?”

लॅपटॉप वाजू लागला. छोटीने उजवा हात मांडीखाली घातला, त्यावर घट्ट बसली, आणि डाव्या हाताने बटण दाबलं.

“नमस्कार,” स्क्रीनवरची बाई हसून म्हणाली. “आमचा आवाज येतोय ना?”

“येतोय,” छोटी म्हणाली. खडा आवाज राखून ठेवला होता, तो निघालाच नाही. ताई दारात तशीच उभी होती, कान देऊन. पण छोटीचं सगळं लक्ष मांडीखालच्या हाताकडे होतं. तो निसटायला बघत होता.