हजार घाव सोसलेली पाचर

मित्रांनो, मी आता जे सांगणार आहे त्यावर तुमच्यातल्या एकाचाही विश्वास बसणार नाही. माझा स्वतःचा बसायला आठ दिवस लागले. पण तुम्ही नवेकोरे खटके या खोक्यात कागदाच्या गादीवर पडून आहात, सोमवारी कामावर जाणार आहात आणि तोवर तुम्हाला दुसरा उद्योग नाही. तेव्हा ऐका.

मी एक जुनी पाचर आहे. लोखंडाची, वीतभर लांब, वर रुंद, खाली निमुळती. इमारतीला बाहेरून पाइपांची परांची बांधतात ना, तिच्यात आडवा पाइप उभ्याला जिथे मिळतो, तिथल्या खाचेत मला घालतात आणि हातोडीने ठोकतात. ठोकली की जोड पक्का. थोडक्यात, या गावातल्या सगळ्या इमारती मी बांधल्या. आराखडे काढणारी मंडळी नंतर येतात, फोटोपुरती.

कारखान्यात एका दणक्यात आम्ही चाळीस बहिणी जन्मलो. जन्मल्या जन्मल्या आम्हाला उकळत्या जस्तात बुचकळलं. बाकीच्या किंचाळल्या. मी म्हटलं, जरा कोमटच आहे. त्या जस्ताची चकाकी माझ्या डोक्यावर आजही आहे. वाकून बघा, तोंड दिसेल.

मग मी मिस्त्रींच्या हाताखाली लागले. मिस्त्री म्हणजे परांची बांधणाऱ्यांचे म्होरके. त्यांनी नको म्हटलेली वस्तू कुठल्याच कामावर चढत नाही. त्यांच्या हातोडीचे हजारो घाव मी या डोक्यावर सोसले आणि हूं की चूं केलं नाही. त्यांची कामाची एक पद्धत होती. आधी साऱ्या पाचरा खाचांत नुसत्या लटकवत जायचं आणि मग एका दमात सगळ्या ठोकत यायचं. काम झपाझप होतं. एकच अडचण. लटकलेली पाचर आणि ठोकलेली पाचर खालून अगदी सारखी दिसते. झोपलेला माणूस आणि झोपेचं सोंग घेतलेला माणूस दिसतो, तशी.

आता तो प्रसिद्ध दिवस. तिसऱ्या मजल्याची परांची. असा वारा सुटला की शेजारच्या गच्चीवरची पाण्याची टाकी उडून आमच्या फळीवर येऊन बसली. फळीवर आधीच पाच रंगारी, रंगाचे नऊ डबे आणि टाकी कोणाची यावर भांडणारे दोन शेजारी. बाकीच्या पाचरांनी धीर सोडला. सगळा भार माझ्या एकटीवर आला. मी श्वास रोखला. एवढ्यात त्या टाकीवर एक कबूतर येऊन बसलं. खरं सांगते, जड ते कबूतरच झालं. तरीही मी तसूभर हलले नाही. सगळे सुखरूप उतरल्यावर मी जरा विसाव्याला जमिनीवर आले. तिथे मिस्त्रींची मुलगी डबा घेऊन आली होती. तिने मला उचललं आणि फ्रॉकच्या खिशात टाकलं.

मिस्त्रींचा पाय? तो त्या दिवसापासून लंगडतो हे खरं, पण त्याचा इथे संबंध नाही. ते घरच्या जिन्यावरून पडले. त्यांनीच तसं सांगितलं.

मुलगी तेव्हाच म्हणाली होती, "बाबा, आपलं घर तळमजल्यावर आहे."

"मग शेजाऱ्यांच्या जिन्यावरून पडलो असेन," मिस्त्री म्हणाले. "तू आधी जेव."

ती पुढे शिकली, इंजिनीअर झाली आणि जोडांच्या मागेच लागली. मला तिने कायम आपल्या कामाच्या खोलीतल्या या टेबलावर ठेवलं, मानाने. कधीकधी माझ्याखाली कागद ठेवते, तेही मानानेच. सहा वर्षं ती माझ्याकडे बघत बघत चित्रं काढत होती. त्यातून पाचरेच्या जागी बसणारे तुम्ही खटके जन्मलात. तुम्हाला हातोडी नको, आडवा पाइप टेकवला की तुम्ही आपसूक बसता. पुरते बसलात की तुमची लाल जीभ आत जाते. नाही बसलात तर ती बाहेर राहून साऱ्या जगाला वेडावते.

आज सकाळी मिस्त्री इथे आले. सोमवारी चौदा मजल्यांचं काम सुरू होतंय आणि या वयातही पहिल्या फळीवर तेच चढणार. पाचरांवर चढायचं की तुमच्यावर, एवढंच ठरायचं होतं. मुलीला रात्रभर झोप नव्हती.

"खेळणं छान आहे," मिस्त्री म्हणाले. "पण मला आवाजावरून कळतं बाळ, जोड बसला की नाही ते. तीस वर्षं ठोकतोय."

"बरं. त्या कोपऱ्यात या खटक्यांची वीस जोडांची परांची आहे. मी बाहेर जाते. तुम्ही त्यातला एक मुद्दाम अर्धा ठेवा. मी दारातून ओळखते. चुकले, तर सोमवारी पाचरा न्या."

मिस्त्री काय कमी बिलंदर? त्यांनी वरचा एक खटका अर्धा सोडला, बाहेर आलेल्या जिभेवर आपलं हेल्मेट अडकवलं आणि शीळ घालत खाली उतरले.

मुलगी दारातच थांबली. "वरून दुसरा. हेल्मेटखालचा."

"कशावरून?"

"हेल्मेट अडकवायला काहीतरी बाहेर असावं लागतं बाबा. बाकी एकोणीस ठिकाणी ते खाली पडलं असतं."

मिस्त्री हसले. मग मान वर करून बराच वेळ त्या जोडाकडे बघत राहिले. हसू हळूहळू ओसरलं.

"खालून दिसतं," ते म्हणाले.

"तेवढ्यासाठीच तर केलंय."

मिस्त्री पाय ओढत टेबलापाशी आले. कमरेची हातोडी काढली आणि माझ्या शेजारी ठेवली. "सोमवारी हे खोकं ने," एवढं बोलून ते गेले. मुलगी खुर्चीत बसली आणि तिने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. रडत होती की हसत होती, ते मला खालून दिसलं नाही.

हातोडी तेव्हापासून गप्प आहे. तिचा स्वभावच तसा, बोलण्यापेक्षा आपटण्याचा. असो. तर मित्रांनो, शेवटी या म्हातारीची एकच विनवणी आहे. जोडाची काळजी घ्या, अर्धवट बसू नका आणि कोणाला अर्धवट बसू देऊ नका. मी हजार घाव सोसले, म्हणूनच त्या दिवशी ती फळी...

"पाचरे," हातोडी म्हणाली.

काय गं?

"यांना डोकं दाखव तुझं. मी हजार वेळा मारलं असतं तर त्यावर जस्त राहिलं असतं का? मी तुला एकदाही मारलेलं नाही. त्या दिवशी तुला नुसतं लटकवलं होतं, आणि ठोकायचं सोडून मिस्त्री नि मी चहाला गेलो होतो. परत येऊन त्यांनी फळीवर पाय ठेवला, तेव्हा आधी तू निसटलीस, मग ते."