जेटीवरची जाळी

मी जाळी बोलतेय. बांगडे धरणारी नव्हे हो, तेवढा मान माझ्या नशिबी कुठला! समुद्रात डोळ्यांना न दिसणारे बारीक जीव तरंगतात, प्लवक म्हणतात त्यांना. ते गाळून घेणारी मी. तोंड हे एवढं मोठं, खाली निमुळती, शेपटीला बाटली. रूपाला मी आधीच हसून घेते, दुसऱ्यांना कष्ट नकोत.

मला रत्नागिरीत आणलं शिवलकर सरांनी, त्यांच्या पीएचडीसाठी. होडीमागे बांधून मला खोल पाण्यात ओढायचं, असा बेत. पहिल्याच दिवशी होडी मांडवीहून निघाली आणि सरांनी तिच्या काठावरून वाकून सकाळचे पोहे समुद्राला अर्पण केले.

"सर, अजून बंदरसुदा सुटला नाय!" होडीवाला बाळा म्हणाला.

दुसऱ्या दिवसापासून सर मला जेटीवरूनच पाण्यात सोडू लागले. तिथलं पाणी गढूळ, थोडे जीव, थोडं डिझेल. पुढल्या वर्षी होडी घेऊ, असं सर म्हणायचे. मीही वेडी, खरं मानायचे.

सर डॉक्टर झाले, कॉलेजच्या सागरी जीवशास्त्र विभागात शिकवू लागले. त्यांची विद्यार्थिनी श्रद्धा त्यांच्याच हाताखाली पीएचडी करून त्याच विभागात लागली. तिला उलटीबिलटीचं काही ठाऊक नव्हतं. सर जेटीवर उभे राहतात म्हणजे त्यात काहीतरी शास्त्र असणार, असं समजून तीही तिथेच उभी राहिली. पुढे तिचा विद्यार्थी विनीतही. पेपर मात्र धडाधड निघत. मथळ्यात 'रत्नागिरीचा समुद्र', आत जेटीचं पाणी. सरांच्या पेपरात श्रद्धाचा दाखला, श्रद्धाच्या पेपरात सरांचा, विनीतच्या पेपरात दोघांचा. वधूवर घरचे, वऱ्हाडी घरचे, 'जेवण छान हो' म्हणणारेही घरचेच!

यंदा विभागात जागा निघाली. विनीतसमोर होती गुहागरची सानिका, केरळात शिकून आलेली. मुलाखत प्रयोगशाळेतच. श्रद्धा मॅडम आता विभागप्रमुख, आणि निवृत्त झालेले सर तज्ज्ञ म्हणून शेजारी. सानिकानं मला खिळ्यावरून उतरवलं, कापडावरून बोट फिरवलं. किती काळानं कुणी मला नीट बघत होतं.

"मॅडम, ही होडीमागे ओढायची ना? मग तुमचे सगळे नमुने जेटीवरचे कसे?"

"सरांची पद्धत आहे ती."

"हो, पण का?"

मॅडमनी सरांकडे पाहिलं. सर खिडकीबाहेर बघत राहिले. सांगा की हो सर, पोट काय कुणाचंही ढवळतं!

ती गेल्यावर मॅडम हळूच म्हणाल्या, "मुलगी हुशार आहे हो, सर."

"आहे गं. पण आपल्यात रुळायला नको? विनीत घरचा आहे."

विनीत लागला. पोरगा वाईट नाही. परवा त्यानं मला गोड्या पाण्यात धुतलंसुद्धा. मग जेटीवर नेलं आणि तो बरोब्बर मॅडमच्याच जागी उभा राहिला.

आता मी इथेच लोंबकळतेय. शेजारून होड्या बाहेर जातात, त्यांच्या लाटा येऊन मला लागतात, तेवढंच माझं खोल पाणी. खरा समुद्र कसा असतो, मला कुणी विचारू नका. त्याच्यावरच्या सगळ्या पेपरांत मी आहे. त्याच्यात मात्र कधी नव्हते.

तुमच्याकडे होडी असेल आणि आमच्या सरांना तुम्ही ओळखत नसाल, तर एकदा याल का? मी फार जड नाही.