मावळायच्या आत

ऑक्टोबरच्या शेवटी इंग्लंडात घड्याळं तासभर मागं घेतात. तिथल्या ग्राहकाशी, म्हणजे कॉलिनशी, आमचा रोजचा कॉल त्यांच्या दृष्टीनं बाराचा बाराच राहिला. इकडं कोल्हापुरात मात्र साडेचारचा साडेपाच झाला. त्यात दिवस लहान होत चाललेला. कॉलआधी त्या दिवसाची तपासणी संपवायची असायची, उठता यायचं नाही, आणि कॉल संपेपर्यंत सूर्य मावळून जायचा.

सूर्य मावळल्यावर मी पाणीही घेत नाही. आम्ही जैन; लग्नाआधीपासूनचा नियम आहे, आणि जेवताना मौन. पहिला आठवडा मी संध्याकाळचा भरलेला डबा तसाच घरी नेला. उपाशी झोपायचं मला नवं नाही. पण सासरे, नेमगोंडाअण्णा, डबा उघडून बघायचे.

"चोरी करायलीस व्हय गं पोरी? न्हाई न्हवं? मग सांग की त्यास्नी."

सांगायचं तर इंग्रजीत. कंपनीनं आम्हाला अप्पर इंटरमिजिएट इंग्रजीचा वर्ग लावून दिला होता. दर शनिवारी प्रमोदिनी मॅडम यायच्या आणि मीटिंगमध्ये कसं बोलायचं, मेल कसा लिहायचा, ते शिकवायच्या. त्या शनिवारचा धडा होता, ग्राहकाकडे मीटिंगची वेळ बदलून मागणं. जोड्या लावल्या. आमचे टीम लीड अमरसिंह झाले ग्राहक, मी मागणारी. मी माझं खरं कारण सांगून वेळ मागितली.

"छान," मॅडम म्हणाल्या. "पण आधी सॉरी म्हणा. आणि जरा मोठ्यानं बोला. इतकं हळू बोललात तर आत्मविश्वास नाही असं वाटतं समोरच्याला."

"मी हळूच बोलते, मॅडम. आणि सॉरी कशाबद्दल?"

वर्ग हसला. सगळ्यात मोठ्यानं अमरसिंह. बाहेर आल्यावर त्यांनी मला गाठलं.

"अरुणाताई, वर्गात ठीक हाय. कॉलिनसाहेबाला खरंच असलं काय सांगू नका. नेट गेलंय म्हणायचं, उठायचं, जेवायचं. मी न्हाय व्हय म्हणत, स्टेडियमला मॅच असली की?"

"तुमची मॅच आहे, तुम्ही म्हणा. मी खोटं नाही बोलणार."

"मग कॉलवरनं काढावं लागंल तुम्हाला. आपल्या टीममधली स्नेहल हाय की. ती बोलंल."

हे मात्र लागलं. सॉफ्टवेअर तपासायचं मी आणि तिकडं सांगायचं भलत्यानंच, असं दोन वर्षं चाललं होतं. सांगणाऱ्यानं निम्मं गाळलेलं असायचं. माझं काम माझ्या तोंडानं सांगता यावं म्हणून तर मी इंग्रजी शिकले. ते तोंड आता कुणी बंद केलेलं मला चालणार नव्हतं, आणि त्यातून खोटंही काढायचं नव्हतं.

सोमवारी कॉल लागल्या लागल्या मी बोलले. माझ्याच आवाजात, सॉरी न म्हणता. सूर्यास्ताआधी जेवायचा नियम सांगितला आणि कॉल तासभर अलीकडे घ्या म्हटलं.

कॉलिन म्हणाले, "नाही जमणार, अरुणा. त्या वेळी माझी दुसरी मीटिंग असते."

शेजारी अमरसिंहांनी सुटकेचा श्वास सोडला.

"ठीक आहे," मी इंग्रजीतच म्हणाले. "मग पावणेसहाला मी इथंच जेवेन. ऐकत राहीन. पण जेवताना मी बोलत नाही. माझ्या उत्तरासाठी थांबावं लागेल."

हे कुठल्या धड्यात नव्हतं.

पावणेसहाला मी डबा उघडला. ज्वारीची भाकरी, मुगाची उसळ, शेंगदाण्याची चटणी.

"कॅमेरा! ताई, कॅमेरा तरी बंद करा की!" अमरसिंह कुजबुजले. कोल्हापुरातली कुजबूज ती, इंग्लंडात ऐकू गेली असणार. मी नकारार्थी मान हलवली, माईक बंद केला आणि पहिला घास घेतला.

तेवढ्यात कॉलिननी विचारलं, "अरुणा, लॉगिनची तपासणी झाली? शुक्रवारी नवी आवृत्ती सोडायची ना?"

अमरसिंहांनी स्नेहलकडे बघितलं. स्नेहल खाली बघू लागली. ती तपासणी मी केली होती.

मी भाकरी मोडली. घाई केली नाही. कॉलिन हनुवटीखाली हात घेऊन बसले होते. खिडकीच्या काचेवर ऊन लाल होऊन आलं होतं. उसळ संपवली, पाणी प्यायले, डबा झाकला, हात जोडले.

मग माईक चालू केला.

"नाही," मी म्हणाले, हळूच. "शुक्रवारी सोडता येणार नाही. कारण सांगते."