साठ खुर्च्या, एक सतरंजी

मित्रांनो, मी पडदा आहे. खिडकीचा नव्हे, सिनेमाचा. वयानं जुना, रंगानं एकेकाळी पांढरा. एक गोष्ट आधीच कबूल करतो. आयुष्यभर सिनेमे अंगावर झेलले, पण पाहिला एकही नाही. पाठीवर गोंदलेलं माणसाला दिसतं का? तसंच माझं. मी पाहिले ते फक्त बघणारे. त्यामुळे सिनेमाबद्दल माझं मत विचारू नका. बघणाऱ्यांबद्दल विचारा, ते भरपूर आहे.

माझा जन्म दिग्रसचा. देवसिंग मंडपवाल्यानं मांजरपाट कापडाचे दोन पन्हे जोडून मला शिवून घेतलं. शिंप्यानं शिवण आडवी आणि नेमकी मधोमध मारली. त्यामुळे पुढची वीस वर्षं जो जो नायक माझ्यावर आला, त्याच्या नाकाखालून एक रेघ गेली. लोकांना ती मिशी वाटली.

ते दिवस मानाचे होते. मुकुटबनपासून बोरी अरबपर्यंत मी टेम्पोतून हिंडलो. दोन बांबू, चार दोर, चार गाठी, की झालं थिएटर. हिवतापाच्या माहितीपटालाही शिट्ट्या पडत. लोक माझ्या दोन्ही बाजूंना बसत. पुढं खुर्च्या, त्यांवर पुरुष मंडळी. मागं सतरंजी, तिच्यावर बायका. मागून सिनेमा उलटा दिसतो, नायक डाव्या हातानं जेवतो. पण बायका म्हणायच्या, "उलटा तं उलटा, दिसते तं सारंच!" हा नियम कुणी केला ठाऊक नाही. मोडलाही कुणी नाही.

मग प्रत्येकाच्या खिशात स्वतःचा पडदा आला आणि मी अडगळीत गेलो. कधी सोयाबीन झाकलं, कधी लग्नात नवरदेवाच्या आंघोळीला आडोसा झालो. तिथं प्रेक्षक नव्हते, एवढंच समाधान.

यंदाच्या जानेवारीत देवसिंगनं मला पुन्हा बाहेर काढलं. दिग्रसजवळच्या एका तांड्यातली राखी, बी.ए. झालेली मुलगी, तिनं मोबाइलवर भयपट काढला होता. तिचे वडील देवीलाल तिला मास्तरीण करायला निघाले होते. त्यांनी माझ्यासमोरच अट घातली.

"गावाले दाखव. साठ खुर्च्या टाकतो. शेवटपर्यंत तीस जरी भरून राह्यल्या, तं मी तोंड उघडत नाही, तू पिक्चरच काढ. नाही राह्यल्या, तं सोमवारी बी.एड.चा फॉर्म."

"अन् पिक्चर?"

"पिक्चरचं नाव काढायचं नाही."

"ठरलं, बा," राखी म्हणाली. तिचा आवाज ठाम होता. हात मात्र माझ्या दोराला उगाच दुसरी गाठ मारत होते.

सिनेमाचं नाव 'हाक'. लांबी पंचावन्न मिनिटं. कानावर पडलं आणि नंतर चर्चेतून कळलं तेवढं सांगतो. एक बाई स्वयंपाकघरात काम करते आहे. आतल्या खोलीतून हाक येते, "अवं, पाणी आण." ती पाणी घेऊन जाते, तर तिथं कुणीच नाही. परत येते, तर स्वयंपाकघर थोडं लहान झालेलं. पुन्हा हाक. पुन्हा तेच. गाणं नाही, हडळ नाही, मध्यंतरही नाही. या शेवटच्या गोष्टीचा पहिला निषेध चिवडेवाल्यानं केला.

तांड्याच्या पटांगणात लागलेल्या या खेळाला शेजारच्या गावचे निवृत्त मुख्याध्यापक किसनराव पहिल्या रांगेत होते. दहाव्या मिनिटाला त्यांनी विचारलं, "राखी, भूत किती वाजता येते?"

"आलं ना, गुरुजी."

"कुठं? मले तं दिसून नाही राह्यलं."

दिसत नव्हतं, पण गुरुजींनी दोन्ही पाय उचलून खुर्चीवर घेतले होते. जमिनीला गारवा होता, असं ते नंतर म्हणाले. अमरावतीला शिकणाऱ्या नयननं शेजाऱ्याला समजावलं की हा कंटाळा मुद्दाम रचलेला आहे आणि त्यातच त्याची ताकद आहे. सगळ्यांत आधी तोच उठला. मग रांगच लागली. "याच्यापरीस आमच्या कापसाच्या जिनिंगचा सीसीटीव्ही बरा," कुणीतरी जाता जाता म्हणालं, "त्यात कुत्रं तरी येते." पंधराव्या मिनिटाला गुरुजींनीही पाय खाली घेतले आणि ते चहाच्या टपरीकडे गेले.

आता माझ्या मागं काय चाललं होतं ते ऐका.

चौथी हाक आली तेव्हा सिनेमातल्या बाईनं नुकतंच गॅसवर दूध ठेवलं होतं. पुढं खुर्च्यांवर ते कुणाच्या लक्षातही आलं नाही. मागं सतरंजीवर अंगणवाडीतल्या कांताबाई ताडकन गुडघ्यांवर उभ्या राहिल्या.

"अवं दूध! दूध ठेवलं हाय तिनं!"

"गॅस बारीक कर वं बाई!"

"जाऊ नको! बोंबलू दे त्याले!"

चाळीसेक बायका, एकच आरडाओरडा. दूध उतू गेलं तेव्हा त्यांचे चेहरे असे झाले, की कुठल्याही हडळीनं हेवा करावा. आणि मग सगळ्याजणी मनापासून हसल्या. तिथंही एकमत नव्हतं, बरं का. दीपमाला म्हणाली, "हे पाहाले थंडीत कायले यायचं? घरी रोज चालू असते." ती उठून गेली आणि दहा मिनिटांत जावेला घेऊन परत आली. एक म्हातारी म्हणाली, "असलं अभद्र काढू नये पोरीनं." तिनं डोळ्यांवर पदर घेतला. पदर विरळ होता.

हा गलका देवीलालला ऐकू येत होता. पण बायका लग्नातही ओरडतात, हा त्यांचा अनुभव. शिवाय ठरलं होतं खुर्च्यांचं.

शेवटची अकरा मिनिटं नुसतं एक बंद दार आहे आणि हाका आहेत. देवीलालनं दोनदा मोजलं आणि प्रोजेक्टरपाशी उभ्या राखीजवळ जाऊन हलकेच म्हणाले, "चौदा. झोपलेले बी धरले." मग म्हणाले, "सोमवारी जाऊ." राखी प्रोजेक्टरची वायर चाचपत राहिली. त्या पटांगणात जागा असून माझ्याकडे न बघणारा चेहरा तेवढा एकच होता.

तेवढ्यात वारा आला.

मित्रांनो, वरची गाठ मी सोडली असं मी म्हणणार नाही. पण घट्ट धरून ठेवली, असंही म्हणवत नाही. मी एका अंगानं लोंबकळलो, प्रोजेक्टरचा उजेड आरपार गेला, आणि ते बंद दार चाळीस बायकांच्या तोंडांवर जाऊन पडलं. दाराची कडी नेमकी भुरीबाईच्या कपाळावर आली. भुरीबाई म्हणजे राखीची आई, देवीलालची बायको. एकही बाई जागची हलली नव्हती. देवीलाल बघतच राहिले.

"देवसिंगभाऊ, बांधा ना लवकर!" कांताबाई डोळ्यांवर हात धरून ओरडल्या. "इथं जीव टांगणीले लागला अन् पडदा पडून राह्यला!"

राखीनं सिनेमा थांबवला. देवसिंग शिडी आणायला धावला. देवीलालनं एकदा त्या सतरंजीकडे पाहिलं, एकदा रिकाम्या खुर्च्यांकडे. मग त्यांनी दोन खुर्च्या उचलल्या आणि मला वळसा घालून मागं नेऊन ठेवल्या. परत आले, अजून दोन उचलल्या.

"आता कायले खुर्च्या, राखीचे बाबा?" भुरीबाईंनी विचारलं.

"बसा गुमान. मोजायचं हाय."

"मोजायचं तं होतं, मंग आधीच काहून नाही टाकल्या?"

देवीलाल अजून दोन खुर्च्या आणायला गेले. टपरीवरच्या मंडळींनी खुर्च्या पलीकडे चाललेल्या पाहिल्या आणि त्यांना वाटलं, तिकडं जेवणं सुरू झाली. ती सगळी लगबगीनं मागं आली. तोवर खुर्च्या भरल्या होत्या. राहिली होती सतरंजी. देवसिंगनं मला पुन्हा बांधलं आणि उरलेली मिनिटं किसनराव गुरुजींनी तिच्यावर मांडी घालून पाहिली. उलटी.

शेवटी दार उघडतं आणि ती हाक त्या बाईच्या स्वतःच्या तोंडून बाहेर पडते.  कांताबाई म्हणाल्या, "मेली तीच ओरडून राह्यली होती वं!" आणि भांडण सुरू झालं. तीच ओरडत होती की तिला ओरडायला शिकवलं होतं? ते भांडण अजून मिटलेलं नाही. गुरुजींचं मत आहे की सिनेमा टाकाऊ आहे. पण घरी पाणी आता ते स्वतः उठून घेतात म्हणे. बसून राहिलं की जमिनीचा गारवा मानवत नाही, हे कारण त्यांनी इथंही दिलं.

भरलेल्या खुर्च्यांची देवीलालची मोजणी बावन्न झाली. सोमवार आला आणि गेला. राखी सध्या दुसऱ्या सिनेमासाठी विहीर शोधते आहे, आणि वडील तिच्यासोबत हिंडत आहेत, पण फक्त ती विहिरीत पडू नये म्हणून.

तर मित्रांनो, पडद्याची निगा फार कठीण नसते. मला ओला घडी करू नका, उंदरांपासून जपा, वर्षातून एकदा तरी मोकळ्या हवेत ताणून बांधा. आणि सिनेमा कुणाला आवडला, किती जण उठून गेले, हे मोजायला निघाल, तेव्हा चार पावलं जास्त चाला आणि माझ्या मागंही बघून या. दर वेळी वारा सुटेलच, याची हमी मी देत नाही.