कुलूपमाईचं कुलूप

शिंप्याच्या दुकानावरच्या खोलीत भर दुपारी तीसेक बायका बसल्या होत्या आणि कोणी हूं की चूं करत नव्हतं. गर्भ राखून देते म्हणून गाजलेल्या कुलूपमाईने माझ्या गरोदर वहिनीच्या पोटावर पितळी कुलूप उघडंच ठेवलं आणि स्वतःचे हात पाठीमागे बांधले. थोड्या वेळाने कुलूप आपोआप खट्‌कन मिटलं. बायकांनी हात जोडले.

"पोट बंद झालं," कुलूपमाई म्हणाली. "पण आधीची दोघं येतील, दार ठोठावतील. पोट दगडासारखं होईल, कंबर भरून येईल. तू ओ द्यायची नाही. कोणाला सांगितलंस की कुलूप उघडलं."

वहिनीची दोन बाळं याआधी सातवा महिना लागतानाच गेली होती. मी प्रसूतिगृहात नर्स; आमच्या डॉक्टरीणबाईंनी तिला दर पंधरवड्याला बोलावलं होतं. माईने दिलेलं ते कुलूप घरी आलं आणि तिने तपासणीला जाणं सोडलं. दादा म्हणाला, "तिच्या मनाला बरं वाटतंय ना, राहू दे." मी राहू दिलं. ते मला अजून खातं.

तीन आठवड्यांनी जेवायला हाक मारायला गेले, तर वहिनी भिंतीकडे तोंड करून पडलेली, दोन्ही कानांवर हात.

"काय होतंय?"

"काही नाही."

मी पोटावर हात ठेवला. हाताखाली ते घट्ट होत गेलं, मग सैल झालं. घड्याळ बघत बसले. सात मिनिटांनी पुन्हा तेच. त्यानंतरही तेच.

"कधीपासून?"

ती कुजबुजली, "सकाळपासून ठोठावतायत. धाकटा जास्त जोरात. तू बोलू नकोस, त्याला कळेल."

घरात आम्ही दोघीच होतो, तरी मी दाराकडे पाहिलं.

तासाभरात ती प्रसूतिगृहात होती. डॉक्टरीणबाईंनी सोनोग्राफी केली. "गर्भाशयाचं तोंड उघडायला लागलंय. कळा थोपवायचं औषध देते, बाळाच्या फुप्फुसांसाठी इंजेक्शनं देते. दोन दिवस मिळाले तरी पुष्कळ."

अकरा दिवस मिळाले. मुलगी झाली, जेमतेम दीड किलोची. दीड महिना काचेच्या पेटीत राहून घरी आली.

मग मी कुलूप खोललं. आत एक स्प्रिंग होती आणि ती अडवून धरणारा मेणाचा कण. अंगाच्या उबेने मेण मऊ पडलं की कुलूप मिटणारच. मेण पुन्हा बसवून मी वहिनीसोबत त्या खोलीत गेले. माई आणि जमलेल्या बायकांसमोर रबरी पिशवीत गरम पाणी भरलं, वर कुलूप ठेवलं. खट्‌कन मिटलं.

"पिशवीचंही पोट राखलंत का माई?"

"तुझी श्रद्धा नाही."

"पिशवीची तरी कुठे होती?"

दोघीचौघी हसल्या. वहिनी हसली नाही.

"आधीच्या दोन्ही वेळी मला असंच दुखलं होतं," ती म्हणाली. "माईने ते माझ्याकडूनच काढून घेतलं आणि मलाच भविष्य म्हणून सांगितलं. त्या कळा होत्या. मी माझ्याच लेकरांची भुतं केली, त्यांना घाबरून कान झाकले."



बायांनो, नववा महिना भरायच्या आधी पोट ठरावीक वेळाने आवळायला लागलं, कंबर सारखी दुखली, पाणी किंवा रक्त गेलं, तर त्याच पावली दवाखाना गाठा. पूर्वी असं घडलं असेल तर एकही तपासणी चुकवू नका. आणि दुखणं लपवायला सांगणारा कोणीही असो, त्याचं ऐकू नका.