तांब्याची ज्योत

शाळेच्या प्रयोगशाळेतल्या विजेच्या भट्टीला हात लावला आणि शिपाईकाका जागच्या जागी गेले. भट्टी रोजचीच होती. तिच्या अर्थिंगची तांब्याची वायर मात्र भिंतीमागून कोणीतरी कापून नेली होती. रसायनशास्त्राच्या बाई तिथेच दोन हातांच्या अंतरावर उभ्या होत्या.

संध्याकाळी त्या घरी पोचल्या, तेव्हा परसात त्यांचा धाकटा भाऊ पत्र्याच्या डब्यात काहीतरी जाळत होता. जळक्या प्लास्टिकचा वास घशाला झोंबत होता. ज्वाळा हिरव्यागार दिसत होत्या.

"काय जाळतोयस?"

"कचरा. जुन्या पिशव्या."

"पिशव्या अशा हिरव्या जळत नाहीत."

"आता रंगावरून कचरा ओळखणार का, ताई?" तो हसला.

"ओळखणार. दरवर्षी वर्गात तेच शिकवते. तांबं तापलं की त्याच्या अणूतले इलेक्ट्रॉन वरच्या पायरीवर उडी घेतात. तिथे टिकत नाहीत, खाली येतात, आणि घेतलेली ऊर्जा उजेड म्हणून सोडतात. प्रत्येक धातूच्या पायऱ्या वेगळ्या, म्हणून रंग वेगळा. मिठातलं सोडियम पिवळं, पोटॅशियम जांभळट. हे तांबं आहे. शाळेची वायर ना?"

त्याचं हसू मावळलं. "भिंतीमागून नुसती जमिनीत जाणारी वायर ती. कुणाचं काय अडत होतं तिच्यावाचून?"

"काका गेले आज. भट्टीचा शॉक बसून."

त्याच्या हातातली सळई गळून पडली. आता हा रडेल, असं बाईंना वाटलं.

"तू अजून कुणाला बोलली नाहीस ना?" त्याने विचारलं.

बाई तडक पोलीस चौकीत गेल्या. हवालदाराला घेऊन परतल्या, तर डबा धुऊन पालथा घातलेला, तांबं गायब आणि आई दारात उभी.

"मीच जाळत होते पिशव्या," आई म्हणाली. "हिचं आणि त्याचं पहिल्यापासून पटत नाही."

भावाने कानांवर हात ठेवले. हवालदाराने मान हलवली. "बाई, रंगावर गुन्हा कसा नोंदवू?"

तो गेल्यावर आई कडाडली, "पाठच्या भावाला तुरुंगात धाडायला निघालीस! एवढं शिकून हेच शिकलीस?"

"आई, माणूस मेलाय."

"मग आता माझा मुलगा गेला की तो परत येणार आहे?"

बाईंनी त्याच आठवड्यात भाड्याची खोली घेतली. शाळेच्या चौकशीत त्यांनी सगळं सांगितलं. समितीने ऐकून घेतलं आणि निष्कर्ष काढला: काकांच्या पायात रबरी चपला नव्हत्या, हलगर्जी त्यांचीच. काकांच्या बायकोने, काकूंनी, त्या कागदावर मुकाट्याने सही केली.

बऱ्याच दिवसांनी एका दुपारी आईचा फोन आला. आवाज अगदी मऊ होता.

"कशी आहेस गं? जेवतेस ना वेळेवर?"

बाईंना भरून आलं. "जेवते गं. तू?"

"बरी आहे. ऐक ना, तुमच्या शाळेत शिपायाची जागा रिकामी झालीय ना? हा नुसता घरी बसून असतो. तू मुख्याध्यापकांकडे एक शब्द टाकशील का?"