मौनाच्या वेळी आलेले पाहुणे

वाघोडियाच्या कारखान्यातून ह्यांनी स्वेच्छानिवृत्ती घेतली, त्या वर्षी आमच्या घरी आधी रंगीत टीव्ही आला आणि मग सिमेंटची गोणी. टीव्हीचा महिन्याभरात कंटाळा आला. एका दुपारी हेच म्हणाले, "निरू, स्वयंपाकघर आपणच नवं करू. कारागीर नको."

त्या तेलकट ओट्यापाशी माझा सगळा संसार गेला होता. देव बिचारे फळीवर, डाळीच्या डब्यांशेजारी अंग चोरून बसलेले. पूर्वेच्या भिंतीला त्यांची हक्काची जागा व्हावी, एवढंच माझं मागणं. मी लगेच पदर खोचला.

शिकायला आम्ही जोडीनं गेलो. रावपुऱ्यातल्या दुकानदारानं लादी कशी बसवायची ते करून दाखवलं, आणि घरी येऊन आम्ही त्याचं सगळं विसरलो. पहिली ओळ अशी तिरकी गेली, की हे म्हणाले, "देव घसरतील गं तुझे." दोघंही हसलो, ओळ काढली, पुन्हा लावली. हळूहळू हात बसला. लादी आधी बादलीत बुडवायची. बुडबुडे थांबले की काढायची. कोरडी लावली तर ती सिमेंटमधलं पाणी ओढून घेते आणि पुढे सुटते. दोन लाद्यांमधली फट सारखी राहावी म्हणून आम्ही आगकाड्या लावत होतो. ह्या वयात नवऱ्याबरोबर बसून काही नवं शिकायला मिळेल, असं मला कधी वाटलं नव्हतं.

चातुर्मास लागला. उजाडल्यापासून नैवेद्य दाखवेपर्यंत मी बोलत नाही. माहेरापासूनचा नेम आहे. काम मात्र अडलं नाही. सकाळी लवकर भिंतीचं काम, मग स्नान, पूजा, स्वयंपाक. थापी हवी असली की मी तळहात फिरवत असे, सिमेंट घट्ट झालं की मूठ दाखवत असे. ह्यांना सगळं कळे.

लाद्या छातीपर्यंत आल्या आणि पाहुणे येऊ लागले. आधी ह्यांच्या ओळखीचे गोविंदभाई आले. त्यांनी भिंतीवरून हात फिरवला, "मजानुं काम," छान काम आहे, म्हणाले. मी खुणेनंच चहा विचारला. मग ते इतरांना घेऊन आले. सगळे सकाळचेच येत. मला वाटे, आमचं काम बघायला येतात. देवापुढे बसले तरी मनात कौतुक घोळत राही, त्याची लाज वाटायची.

देवघर पूर्ण झालं, त्याच आठवड्यात गोविंदभाई एका जोडप्याला घेऊन आले. मी वरण उकळत ठेवलं होतं. ती बाई गोड होती. तिनं खिडकीची रुंदी वितीनं मोजली, ओटा पाहिला आणि देवघरापाशी थांबून नवऱ्याला गुजरातीत म्हणाली, हे काढून टाकू, फ्रिज इथे बसेल.

पळी माझ्या हातातच राहिली. मी ह्यांच्याकडे पाहिलं. हे खिडकीबाहेर पाहत होते.

बाईच्याही काही ध्यानात आलं असावं. घर दोघांच्या नावावर आहे, हे तिला सांगितलेलं होतं. तिनं मलाच विचारलं, "बेन, तमने वांधो नथी ने?" तुमची हरकत नाही ना?

माझ्याआधी हे बोलले. "तिचं मौन आहे. तिची संमती आहे, मी विचारलंय."

मी गॅस बंद केला. इतक्या वर्षांत नेम कधी चुकला नव्हता, तापातसुद्धा नाही. बाईला म्हटलं, "बेन, मने कोईए पूछ्युं नथी." मला कोणी विचारलेलं नाही.

गोविंदभाई घाईघाईनं चपला घालू लागले. बाई जाताना माझ्या दंडाला हात लावून गेली.

दार लागल्यावर हे म्हणाले, "चार माणसांत नेम मोडलास. माझी शोभा केलीस."

मी विचारलं, "अहो, सगळ्यांना सकाळीच का बोलावलंत?"

त्यांनी कपाळ चोळलं. मग म्हणाले, "दुपारी तू बोलली असतीस."

पुढचं मी काढून घेतलं. पुण्याला उत्कर्षनं फ्लॅट नोंदवलाय, हे घर विकून आपण दोघांनी तिकडेच जायचं, हे बापलेकांचं ठरलं होतं. केव्हा ठरलं, तर गोणी घरात येण्याआधी. स्वयंपाकघर चकचकीत असलं की गिऱ्हाईक लवकर लागतं, असं गोविंदभाईंनी, म्हणजे दलालानं, सुचवलं होतं.

"मग देवघर कशाला करू दिलंत?"

"तुला आनंद होत होता," ते म्हणाले. खरंच वाटत होतं त्यांना, की हे उत्तर आहे.

मी सांगितलं, कुठल्याही कागदावर सही करणार नाही. आज नाही आणि उद्या उत्कर्ष समजवायला आला तरी नाही. आवाज चढवला नाही. मला चढवता येत नाही. पण त्यांना कळलं, कारण त्यांनी पुन्हा विचारलं नाही.

दुपारी मी देवासमोर बसले. मोडलेल्या नेमाची क्षमा मागायची होती, पण मन तिकडे जाईना. ती तिरकी ओळ काढताना हे हसले होते, ते खरं हसले होते का, एवढंच डोक्यात फिरत राहिलं. त्यांना विचारता आलं असतं. पण उत्तर काहीही आलं असतं, तरी माझा विश्वास बसला नसता.

वरण पुन्हा गरम केलं, नैवेद्य दाखवला आणि रोजच्यासारखी दोन न वाढता त्यांचं एकट्याचं पान वाढलं. माझं मी नंतर वाढून घेतलं, ते उठल्यावर.